हिमसागराच्या पायऱ्या

युरोप खंडातील आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ या उत्तुंग शिखराच्या पायथ्याशी, फ्रान्स देशात शामोनी नावाचे गाव वसलेले आहे. या गावावरील डोंगररांगांतून एक विशाल हिमनदी खाली उतरते. फ्रेंच भाषेत तिला ‘मेर द ग्लास’, म्हणजे ‘बर्फाचा सागर’ असे म्हणतात. फ्रान्समधील ही सर्वांत मोठी हिमनदी होय.

हिमनदी म्हणजे गोठून निश्चल झालेली नदी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती निश्चल नसते. उंच शिखरांवर वर्षानुवर्षे पडणारे हिम स्वतःच्याच भाराने दबून त्याचा घट्ट बर्फ बनतो आणि तो अत्यंत संथ गतीने उतारावरून सरकू लागतो. वरून जेवढी भर पडते तेवढाच बर्फ खाली वितळला, तर हिमनदी आहे तेवढीच राहते. वितळणे अधिक झाले की ती आखडू लागते.

एके काळी या हिमनदीचे गावाला मोठे भय वाटे. सतराव्या शतकात तेथील हवामान आजच्याहून थंड होते. हिमनदी वाढत वाढत खोऱ्यातील शेतांपर्यंत येऊन ठेपली. तेव्हा १६४४ साली जिनिव्हाच्या बिशपांनी ग्रामस्थांसह मिरवणुकीने बर्फाच्या टोकापाशी जाऊन, ती माघारी जावी म्हणून प्रार्थना केली. आज त्याच गावातील लोकांना ती माघारी जाते म्हणून चिंता लागून राहिली आहे!

या पालटाचे कारण पर्यटन. १७४१ साली विंडहॅम व पोकॉक हे इंग्रज प्रवासी येथे आले. वादळाने खवळलेले सरोवर एकाएकी गोठून जावे, तसा त्यांना हा बर्फ दिसला. त्यांच्या वर्णनाने प्रवाशांची रीघ लागली. डोंगरात शिकार करणारे, स्फटिक शोधणारे शेतकरी वाटाडे बनले आणि १८२१ साली त्यांची संघटना स्थापन झाली. १९०९ साली दातेरी रुळांवरून डोंगर चढणारी आगगाडी मोंतांवेर या स्थळापर्यंत धावू लागली. येथून थोडे उतरले की प्रवाशाचे पाऊल बर्फावर पडत असे.

बर्फाच्या पोटात कोरलेली गुहा हे येथील मोठे आकर्षण. आत शिरले की भिंतींतून निळसर प्रकाश झिरपतो. परंतु हिमनदी सरकत असल्यामुळे गुहाही तिच्याबरोबर सरकते, वाकडीतिकडी होते. म्हणून ती दरवर्षी नव्याने खोदावी लागते. या परिश्रमाची कामगारांना सवय होती. जिन्याचे काम मात्र नवे होते. १९८८ साली मोंतांवेरहून खाली रज्जुमार्ग बांधण्यात आला, तेव्हा त्याच्या शेवटापासून बर्फापर्यंत जेमतेम तीन पायऱ्या उतराव्या लागत. पुढे बर्फ खचत गेला आणि त्याला गाठण्यासाठी दरवर्षी पायऱ्या वाढवाव्या लागल्या. अखेर त्या साडेपाचशेहून अधिक झाल्या. अमुक साली बर्फ येथवर होता, अशा पाट्या वाटेत लावलेल्या असत. थकलेला प्रवासी त्यांपाशी विसावा घेई.

कोळसा आणि खनिज तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो व तो पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे तापमान सुमारे २ अंश सेल्सिअसने वाढले आहे. ही वाढ जगाच्या सरासरीहून जवळजवळ दुप्पट आहे. १८५० नंतर हिमनदीचे टोक सुमारे २ किलोमीटर मागे हटले. शुभ्र सागर पाहावयास आलेल्यांना आता तिच्या खालच्या भागावर करड्या दगडगोट्यांचे आवरणच अधिक दिसते. बर्फाचा आधार सुटलेले उतार ढासळतात. गिर्यारोहकांच्या विश्रामगृहांकडे जाणाऱ्या लोखंडी शिड्याही लांबवाव्या लागल्या. कडे सांधून ठेवणारा खडकांतील बर्फही वितळतो. २००५ साली मोंतांवेरसमोरच्या द्रू शिखराचा एक प्रचंड सुळका असाच कोसळला.

तथापि प्रवासी कमी झाले नाहीत. नाहीशी होण्यापूर्वी हिमनदी पाहून घ्यावी, या ओढीनेच कित्येक जण येतात. त्यांतील काही दूरदेशांहून विमानाने येतात, आणि त्या विमानांचा धूरही याच हवेत मिसळतो. इकडे आगगाडी, उपाहारगृहे, वाटाडे या सर्वांची उपजीविका याच प्रवाशांवर चालते. त्यांना येऊ नका असे गावाने कोणत्या तोंडाने सांगावे?

२०२४ च्या आरंभी हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा रज्जुमार्ग सुरू झाला व नवी गुहा खोदण्यात आली. वायूंचे उत्सर्जन असेच चालू राहिले, तर हे शतक संपेपर्यंत मेर द ग्लास जवळजवळ नाहीशी होईल, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून या रज्जुमार्गाची जागा निवडताना खडक किती बळकट आहे एवढेच पाहून भागले नाही. तेथे बर्फ आणखी किती वर्षे राहील, याचाही हिशेब करावा लागला.