पिकअप किती उंच करावी? : गुरुत्वमध्याचा एक पाठ



'गुरुत्वमध्य' ही व्याख्या मुलं पटकन पाठ करतात, पण ती समजते ओळखीच्या वस्तूतून. आपल्या प्रकाशा-शहादा-तळोदा पट्ट्यात पिकअप सगळ्यांच्या ओळखीची. तापीकाठची पपई-केळी तिच्यातून बाजारात जाते आणि लगीनसराईत वऱ्हाडही तिच्यातूनच जातं. वर सातपुड्यात धडगाव, मोलगी, तोरणमाळकडच्या पाड्यांवर जुन्या फोर बाय फोर पिकअप अजून कामाला आहेत. पावसाळ्यात ओढ्यातले दगड आणि खोल चाकोऱ्या गाडीच्या पोटाला लागतात. मग मालकाच्या मनात येतं, 'गाडी जरा उचलून घेऊ.' त्यासाठी बाजारात लिफ्ट किट मिळते. ती घ्यावी का, घेतली तर कोणती, हे आज आपण पाठासारखं टप्प्याटप्प्याने पाहूया.

१) गाडी कशावर उभी असते?

पिकअपच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा पाटे असतात. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक ठेवून कमानीसारख्या बांधलेल्या असतात. जुन्या जीपच्या जातीच्या गाड्यांत पुढेही पाटेच असतात, तर काही मॉडेलमध्ये पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. सोबत शॉकअप असतात. पाटे वजन पेलतात आणि शॉकअप गाडीची उसळी आवरतात. दोघांची कामं वेगळी आहेत.

वर्षानुवर्षं ओझं वाहून पाटे 'बसतात', म्हणजे त्यांची कमान सपाट होते. त्यामुळे जुनी गाडी मुळातच काही सेंटीमीटर खाली आलेली असू शकते. म्हणून पहिला प्रश्न 'किती उचलू?' हा नसावा. 'मूळ उंची शिल्लक आहे का?' हा असावा. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल किंवा रिकाम्या गाडीचा पाटा आडवा, उलटा वळलेला दिसला, तर आधी पाटे आणि बुश बदला. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं.

२) नेमकं काय उंच होतं?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. लिफ्ट किट चेसिस आणि बॉडी वर उचलते. मागच्या आसाच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा फुगीर गोळा होता तिथेच राहतो, कारण तो चाकांना जोडलेला असतो. ओढ्यातल्या दगडाला बहुधा तोच आधी लागतो. तो वर घ्यायचा तर टायरच मोठा हवा. पण टायरचा व्यास २ इंच वाढला तर आस वर जातो १ इंचच. व्यास आणि त्रिज्या यांचा हा धडा मुलं फळ्यावरच्या वर्तुळापेक्षा इथे लवकर शिकतात.

मोठ्या टायरचे तोटेही आहेत. २८ इंचांच्या जागी ३० इंचांचा टायर बसवला तर चाकाच्या एका फेरीत गाडी सुमारे ७ टक्के जास्त अंतर कापते. म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६४ च्या आसपास असेल. चढावर ओढ कमी पडते आणि ब्रेकवरचा ताणही वाढतो.

३) उंचीची किंमत

सोयीसाठी एक कल्पित गाडी घेऊ. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४० सेंमी, म्हणजे अर्धं ७० सेंमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमी उंच. बाजूला कलताना ही गाडी किती अंशांवर उलटेल?

मूळ गाडी (७० सेंमी) : ४५ अंश
गाडी १० सेंमी उचलली (८० सेंमी) : सुमारे ४१ अंश
न उचललेली, पण वर उंच माल किंवा उभी माणसं (९५ सेंमी) : सुमारे ३६ अंश
उचललेली आणि वरून तसंच ओझं (१०५ सेंमी) : सुमारे ३४ अंश

हे उभ्या, ताठ गाडीचं गणित झालं. धावती गाडी याच्या बऱ्याच आधी उलटते, कारण वळणावर पाटे दबतात, टायर दबतो आणि माणसं एका बाजूला झुकतात.

या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. उंच लादलेलं ओझं किटपेक्षाही जास्त धोक्याचं आहे, आणि दोन्ही एकत्र आले की सुरक्षिततेला वाव फार थोडा उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात दरीत कोसळली आणि अनेकांचे जीव गेले. त्या अपघाताचं कारण सांगण्याचा हा प्रयत्न नाही. पण आपल्या घाटांत पिकअपच्या हौद्यात माणसं असतात, आपली मुलंही असतात, हे उंचीचा निर्णय घेताना विसरून चालणार नाही. मालवाहू गाडीत माणसं भरणं नियमातही बसत नाही.

४) किटचे प्रकार

• नवे पाटे आणि जुळणारे शॉकअप : सर्वांत चांगला मार्ग. जास्त कमानीचे पाटे गाडी उचलतात. मात्र गाडीवर रोज किती वजन असतं ते सांगूनच पाटे निवडा. नुसता जास्तीचा पाटा घातला तर रिकामी गाडी उड्या मारते आणि मागच्या चाकांची पकड सुटते.
• ठोकळा : पाटा आणि आस यांच्यामध्ये बसतो. स्वस्त आहे, मागे चालतो. पुढच्या पाट्याखाली बसवू नये आणि एकावर एक दोन ठोकळे तर मुळीच नकोत.
• लांब शॅकल : शॅकल २ इंच लांब केली तर गाडी साधारण १ इंच उठते. पुढे बसवल्यास चाकाचा कोन बदलतो आणि स्टेअरिंग भरकटू शकतं.
• बॉडी लिफ्ट : चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये गुटके घालतात. मोठ्या टायरला जागा होते, पण चेसिस तिथेच राहते. दगडापासून बचाव होत नाही.

जुन्या, ओझं वाहणाऱ्या गाडीला माझ्या मते २ इंच पुरे. ४ इंचांची किट दिसायला रुबाबदार असते, पण तिच्यामागे इतर दुरुस्त्यांची रांग लागते.

५) पैसे देण्याआधी मिस्त्रीला विचारायचे प्रश्न

१. चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ब्रेकचे होज ताणले जातात का?
२. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढल्यावर क्रॉस लवकर झिजेल का? फोर बाय फोरला पुढचाही शाफ्ट असतो, तोही पाहा.
३. मागच्या आसाला जोडलेला, वजन ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह आहे का? असेल तर गाडी उचलल्यावर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तो नव्याने जुळवावाच लागतो.
४. यू बोल्ट नवे आहेत का? जुने परत वापरू नयेत. काही शे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्या.
५. अलाइनमेंट आणि हेडलाइटची दिशा कोण जुळवून देणार? गाडीचं तोंड वर उठलं की समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

आणि जुन्या गाडीचा सर्वांत आधीचा प्रश्न : चेसिसला गंज किंवा तडा आहे का? असेल तर किटचे पैसे आधी तिथे लावा.

६) कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून किट घेण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारा आणि विमा कंपनीकडूनही लेखी उत्तर घ्या. मूळ मापाचे नवे पाटे ही दुरुस्ती झाली, त्यात ही अडचण येत नाही.

७) वर्गातला उपक्रम

दोन रिकाम्या काडेपेट्या घ्या. एकीच्या आत तळाशी मातीचा गोळा चिकटवा, दुसरीत तेवढाच गोळा वरच्या टोकाला. दोन्ही पेट्या पाटीवर शेजारी उभ्या करा. त्या घसरू नयेत म्हणून उताराच्या बाजूला पाटीवर एक बारीक काडी चिकटवा. पाटी हळूहळू तिरकी करा आणि कोणती पेटी कोणत्या कोनात पडते ते कोनमापकाने मोजून वहीत लिहायला सांगा. नंतर विचारा :

• दोन्ही पेट्यांचं वजन सारखं असूनही एक आधी का पडली?
• पिकअपमध्ये जड पोती खाली ठेवावीत की वर?
• वळणावर हौद्यात उभं राहण्याऐवजी खाली बसलं तर गुरुत्वमध्य कुठे सरकेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना घरी सांगायला लावा. गाडी चालवणाऱ्या वडिलांना किंवा काकांना आपल्या सूचनेपेक्षा घरच्या लेकराचं बोलणं लवकर पटतं. पालकहो, गाडी उंच करायची की नाही हे तुम्ही ठरवाच, पण आधी टेप घेऊन मोजा आणि मागे हौद्यात कोण बसतं तेही लक्षात घ्या.

उपक्रम करून पाहिलात तर मुलांनी मोजलेले कोन जरूर कळवा.