गाडीचा पत्रा घरी जोडायचा तर खर्च किती?

आमच्या १९९८च्या मारुती ८००मधली ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट गेल्या पावसाळ्यानंतर उचलली, तर खाली रस्ता दिसला. भोक रुपयाच्या नाण्याएवढं होतं. स्क्रू ड्रायव्हरने कडा टोचत गेलो तसा पत्रा भिजलेल्या बिस्किटासारखा तुटत गेला, आणि टणक पत्रा लागेपर्यंत भोक तळहाताएवढं झालं. डेंटरने साडेचार हजार सांगितले. मी म्हटलं, एवढ्यात तर मशीनच येईल! आलंही, साडेपाच हजारांत. फक्त चुकीचं आलं.

दुकानात नुसतं ‘वेल्डिंग मशीन’ मागितलं की पुढ्यात येतं ते आर्क इन्व्हर्टर, म्हणजे रॉडवर चालणारं. चार ते आठ हजारांत मिळतं, खांद्याला अडकवून नेता येतं, गेट-ग्रील-ट्रॉलीला झकास. गाडीच्या बॉडीचा पत्रा मात्र पाऊण ते एक मिलिमीटरचा, त्यातही गंजाने खाल्लेला. १२ नंबरचा, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटरचा रॉड नीट जळायला ६०-७० अँपिअर तरी लागतात, आणि तेवढ्यात पत्राच गळून खाली पडतो. कोपऱ्यावरच्या ग्रीलवाल्या मिस्त्रींनी माझं काम वाकून पाहिलं. “साहेब, चाळणी बनवायची होती का?” एवढंच विचारलं.

पातळ पत्र्याला मिग मशीन लागतं. वर्कशॉपात त्यालाच ‘सीओटू’ म्हणतात. बंदुकीचा घोडा दाबला की बारीक तार आपोआप पुढे सरकते आणि नळीतून येणारा गॅस वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. ३०-४० अँपिअरवर काम होतं, अर्ध्या सेकंदाचा टाका मारून थांबता येतं. घरगुती वापराची सिंगल फेज मशीनं सध्या साधारण १५ ते २५ हजारांत मिळतात. घेताना वरचा आकडा बघू नका, खालचा बघा. २०० अँपिअर सगळेच लिहितात. तुम्हाला ते ३०-४०वर स्थिर चालतं का, हे हवंय. दुकानदाराला एक मिलिमीटरच्या तुकड्यावर चालवून दाखवायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान गाठा. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटला एका गल्लीत डझनभर पर्याय दिसतील.

‘गॅसची गरजच नाही’ म्हणून विकली जाणारी फ्लक्स-कोअर तारही मिळते. सिलिंडरचा खर्च वाचतो, उघड्यावर वाऱ्यात काम होतं. पण उडणाऱ्या ठिणग्या जास्त, उष्णता जास्त आणि टाक्यावर राख बसते. फ्लोअरच्या पॅचला चालेल, दरवाजाच्या दर्शनी पत्र्याला नको. एक गोष्ट दुकानात हमखास सांगत नाहीत. या तारेला बंदूक निगेटिव्हला जोडायची असते, गॅसवरच्या साध्या तारेला पॉझिटिव्हला. मशीनच्या आत दोन नट सोडवून बदल करावा लागतो. तो न केल्यामुळे ‘मशीन खराब आहे’ म्हणून परत करणारे लोक मी पाहिलेत.

गॅसचा खर्च भीती वाटते तेवढा नाही. सिलिंडर डिपॉझिटवर मिळतो, पाच ते आठ हजार. हीटरवाला रेग्युलेटर दोनेक हजार. हीटर यासाठी, की सिलिंडरमधून बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइड इतका थंड होतो की रेग्युलेटर गोठतो. एक किलो द्रवापासून पाचशे लिटरहून जास्त गॅस होतो आणि मिनिटाला आठ-दहा लिटर पुरतो. म्हणजे किलोला तासभर सलग आर्क. हौशी माणूस सुट्टीच्या दिवसात दहा मिनिटांपेक्षा जास्त आर्क पेटवत नाही, बाकी वेळ घासण्यात जातो. ३० किलोचा सिलिंडर सहज काही वर्षं पुरेल. लहान मिळाला तर लहानच घ्या. तो उभा, साखळीने बांधून ठेवायचा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून बंद शटरआड काम करायचं नाही.

आता मशीनच्या बिलात न दिसणारा खर्च. ४ इंची ग्राइंडर दोन-तीन हजार. कटिंग व्हील, फ्लॅप डिस्क, वायर ब्रश यांचे पाचशे, आणि ते पुन्हा पुन्हा. आपोआप काळं होणारं हेल्मेट हजार ते अडीच हजार. चामड्याचे हातमोजे, एप्रन, ग्राइंडिंगचा चष्मा मिळून हजारभर. पत्रा दाबून धरणारे चार-पाच क्लॅम्प हजारात. ०.८ मिलिमीटर तारेचं पाच किलोचं रीळ हजाराच्या आत-बाहेर. विजेचं काम दोनेक हजार. माझी बेरीज, फसलेलं आर्क मशीन सोडून, ३६ हजारांवर गेली. म्हणजे डेंटरच्या आठ फेऱ्या. गाडीला एकच भोक असेल तर हा लेख मिटा आणि डेंटरला फोन करा. गाडी जुनी असेल, कोकणात राहत असेल, किंवा जोडीला जीप नाहीतर पद्मिनी सांभाळायची हौस असेल, तरच पुढे चला.

विजेचं गणित वाटतं त्याहून सोपं आहे. पत्र्याच्या कामाला ६० अँपिअरच्या आत भागतं, तेव्हा भिंतीतून सहा-सात अँपिअरच ओढले जातात. १६ अँपिअरचं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग पुरतं. पूर्ण २००वर मात्र तेच मशीन ३० अँपिअरकडे जातं आणि एमसीबी पडतो. एक्स्टेन्शन लागलीच तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्या आणि पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते.

शिकायचं कुठे? आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, पूर्णवेळ. नोकरदाराला जमणारा नाही. खासगी संस्थांचे काही आठवड्यांचे वर्ग दहा ते पंचवीस हजार घेतात, पण तिथे भर असतो जाड प्लेट आणि पाइपवर, कारण नोकऱ्या तिकडे आहेत. मला जमलं ते मिस्त्रींकडे. सहा शनिवार, दर वेळी पाचशे रुपये आणि चहा. भंगारातून किलोवर आणलेले सीआर शीटचे तुकडे हीच वही. पहिले दोन शनिवार त्यांनी मला फक्त पत्रा घासायला लावला. रंग, गंज, तेल राहिलं की टाका धरत नाही, हे सांगून कळत नाही, घासून कळतं. मग कानाचं शिक्षण. सेटिंग जमलं की कढईत भजी सोडल्यासारखा सलग चर्र आवाज येतो. फट्-फट् करत बंदूक हाताला मागे ढकलू लागली तर तार जास्त सुटतेय. पॅच सलग जोडायचा नाही, हेही तिथेच कळलं. एक टाका इकडे, एक समोरच्या कोपऱ्यात, हात लावता येईपर्यंत थांबायचं, मग मधला. घाई केली की पत्रा पापडासारखा फुगतो. मागे तांब्याची पट्टी दाबून धरली तर ती उष्णता खेचते, भोकं कमी पडतात, आणि पोलादाचा टाका तांब्याला चिकटत नाही.

बॅटरी सोडवल्याशिवाय आर्क पेटवायचा नाही. अर्थचा चिमटा टाक्याच्या शेजारीच, घासलेल्या पत्र्यावर लावायचा. सीट, कार्पेट, फ्लोअरवरचा डांबरी थर काढायचा. पेट्रोलची टाकी मागे असली तरी तिची नळी फ्लोअरखालूनच पुढे येते, ती शोधून बाजूला केल्याशिवाय काम सुरू नको. शेजारी फायर एक्स्टिंग्विशर आणि पाण्याची बादली ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ब्रेक क्लीनरने पत्रा पुसू नका. क्लोरीन असलेला क्लीनर आर्कजवळ फॉस्जीनसारखा विषारी वायू बनवतो. गॅल्वनाइज्ड पत्र्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. आणि हेल्मेटशिवाय ‘एकच टाका’ मारलात तर मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन उठाल. तेव्हा बटाट्याच्या चकत्या नकोत, डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

चासीचे मेंबर, सस्पेन्शनचे माउंट, सीट बेल्टचे नट जिथे बसतात तो भाग, या गोष्टींना शिकाऊ हात लावू नये. मी तो भाग मिस्त्रींकडूनही नाही, बॉडी शॉपमधूनच करून घेतला. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर अजिबात फिरवू नका. १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला गाडी नेली की आरटीओत तो तपासतात.

जोड गार झाल्यावर त्याच दिवशी झिंक प्रायमर, कडांना सीलंट, खालून अंडरकोट, हजार-दीड हजार. उघडा टाका आपल्याकडच्या हवेत दोन दिवसांत तांबूस होतो. हेच तारेच्या रिळाचं. जूनपासून ते मशीनमध्ये ठेवू नका. काढून प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, घट्ट बांधून कपाटात ठेवा. माझं पहिलं रीळ गणपतीपर्यंत मशीनमध्येच राहिलं. गंज काढायला आणलेली तार गंजून लायनरमध्ये, म्हणजे ती ज्यातून बंदुकीकडे सरकते त्या नळीत, अडकली, आणि नवा लायनर बाराशेला पडला.