तंजावरचे मराठी नृत्य आणि अंजनवेलचे नमन

वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर, गोपाळगडाच्या आश्रयाने गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव वसले आहे. शिमग्याच्या दिवसांत या परिसरात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि मृदंगाच्या थापेवर नमन-खेळे उभे राहतात. आरंभी देवतांचे नमन, मग गवळण, उंच टोपीचा काळ्या वेषातील संकासूर आणि पुढे वग अथवा आख्यान, असा हा खेळ रंगत जातो. स्त्रियांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेत आले. यातील पदे, चाली व पदन्यास बहुतांशी मुखपाठाने चालत आले असल्याने, जाणता गायक गेला की त्याच्याबरोबर काही पदेही जातात.

तंजावरच्या मराठी नृत्याची अवस्था याच्या नेमकी उलट झाली होती. तेथे कागद उरला आणि खेळ गेला. त्या कागदाला पुन्हा पावले मिळवून देण्यात आयुष्य वेचणारे आचार्य पार्वतीकुमार (१९२१-२०१२) हे मूळचे कोकणातलेच, मालवणकडचे.

तंजावरचे भोसले राजे स्वतः ग्रंथकार होते. शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके रचली. विष्णुदास भावे यांचा सांगलीतील १८४३ चा प्रयोग त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी झाला, ही गोष्ट नाट्येतिहास शिकविताना अनेकदा विसरली जाते. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८-१८३२) हाती प्रत्यक्ष राज्यकारभार फारसा उरला नव्हता. १७९९ च्या तहाने तो कंपनीकडे गेला. राजांनी आपले लक्ष सरस्वती महाल ग्रंथालयाकडे व कलांकडे वळविले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू, ज्यांनी आजच्या भरतनाट्यम्‌चा क्रम बांधला, त्यांच्याच दरबारातले. सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी 'निरूपणे' आहेत. एका निरूपणात एकच कथा अठरा रचनांतून क्रमाने उलगडते, आणि त्या सर्व रचना एकाच रागात व एकाच तालात बांधलेल्या असतात. प्रत्येक रचनेला वेगळा राग-ताल घेण्याच्या रूढ पद्धतीहून ही योजना अगदी निराळी आहे.

ही निरूपणे सरस्वती महालात जपली गेली आणि छापलीही गेली. तथापि शब्द व बोल कागदावर राहिले तरी हात कोठे उचलावा, दृष्टी कोठे न्यावी, पाऊल कोणत्या मात्रेवर पडावे, हे कागद सांगत नाही. चंद्रशेखर पिल्ले यांच्याकडे भरतनाट्यम् शिकलेल्या पार्वतीकुमारांनी नेमके हेच काम हाती घेतले. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'तील श्लोक त्यांनी केवळ वाचले नाहीत, तर मुद्रा व दृष्टिभेद प्रत्यक्ष अंगावर करून पाहिले. त्याच शिस्तीने त्यांनी निरूपणांची नृत्यरचना केली, 'तंजावूर नृत्यप्रबंध' हा ग्रंथ सिद्ध केला आणि मुंबईत तंजावूर नृत्यशाळा चालविली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी निरूपणे रंगमंचावर सादर केली. मराठी शब्दांवर भरतनाट्यम् होऊ शकते काय, या शंकेचे उत्तर प्रेक्षकांना तेथे मिळाले. पुढे सुचेताबाईंनी हिंदुस्थानी संगीतावर आधारित 'नृत्यगंगा' रचली, तीही याच वाटेने.

नमन-खेळे शास्त्रीय नृत्य नव्हे, आणि त्यास तसे बनविण्याचे कारणही नाही. मात्र अंजनवेलसारख्या गावांना एक सोय आहे, जी पार्वतीकुमारांना नव्हती. येथे विचारण्यास माणसे आहेत. शिमग्यास आलेला चाकरमानी मोबाईलवर खेळाचे चित्रण करतो खरा. पण त्यात मृदंगाचा बोल ऐकू आला तरी त्याचे नाव कळत नाही, गलक्यात पदाचे शब्द बुडतात, आणि हे पद कोणाकडून आले याची नोंद राहत नाही. शाळेतील शिक्षकाने वृद्ध मृदंग्याजवळ बसून पद, बोल आणि पावलाची मात्रा एकाच वहीत शेजारी शेजारी उतरवायची म्हटली, तर शिमग्याच्या धामधुमीत ते जमणार नाही. त्यासाठी भातलावणी उरकल्यानंतरचे दिवस बरे. तेव्हा मृदंग खुंटीला असतो आणि माणसे घरी असतात.