मोकाट कुत्र्यांचा बचाव आणि पालक घरे

बीदर शहराजवळील कोळार व त्याच्या आसपासच्या गावांत मोकाट कुत्रा हा नित्य दृष्टीस पडणारा प्राणी आहे. औद्योगिक वसाहतीतील उपाहारगृहे, खाटकाच्या दुकानामागील उकिरडा आणि लग्नाच्या पंक्तीनंतर फेकलेल्या पत्रावळी यांवर त्याची उपजीविका चालते. पावसाळ्यात एखाद्या ओसरीखाली कुत्री व्याली की मुले तिच्या पिल्लांना भाकरीचा तुकडा घालतात. दोन महिन्यांनी तीच पिल्ले रस्त्यावर येतात. काही वाहनाखाली सापडतात, तर काही रोगाने मरतात. जी जगतात ती वर्षभराच्या आत स्वतः पिल्ले देऊ लागतात. प्राण्यावर दया करण्याची आपली रीत बहुधा भाकरीच्या त्या तुकड्यापाशीच थांबते. ती पुढे कशी न्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या भागाला कुत्र्याविषयी आपुलकी नवी नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर येथे ज्या दत्तात्रेयांच्या दर्शनास मराठी यात्रेकरू जातात, त्यांच्या चित्रात चार कुत्री असतात. बीदर जिल्ह्यातील मैलार येथे खंडोबाची उपासना होते, त्याच्याही परिवारात कुत्र्याला स्थान आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा घरोघरी सांगितली जाते. तथापि श्रद्धेला शास्त्राची जोड नसेल, तर प्राण्याचे कल्याण होत नाही आणि माणसाचेही रक्षण होत नाही.

इतिहासाचा धडा

सन १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली होती व प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले होते. बक्षिसाच्या लोभाने पाळीव कुत्रीही मारली जाऊ लागली. त्या वर्षीच्या जून महिन्यात पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू व जैन त्यास मिळाले आणि शहराचे व्यवहार बंद पडले. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व इतर व्यापाऱ्यांच्या औदार्याने मुंबईत पांजरपोळ स्थापन झाली. मोकाट जनावरांना संघटितपणे आसरा देण्याच्या या देशातील जुन्या प्रयत्नांपैकी हा एक होय.

पांजरपोळ निघाली, तरी कुत्री मारण्याची पद्धत नंतरही दीर्घकाळ चालू राहिली. मुंबई महानगरपालिकेने १९९४ मध्ये ती सोडून निर्बीजीकरणाचा मार्ग स्वीकारला. मारल्याने संख्या का घटत नाही, याचे कारण साधे आहे. एका गल्लीतील कुत्री नाहीशी झाली, तरी तेथील अन्न व आसरा तसाच राहतो. शेजारची कुत्री ती जागा व्यापतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असून ती वर्षातून सामान्यतः दोनदा माजावर येते. यास्तव जागा भरून येण्यास वेळ लागत नाही. नव्याने आलेल्या कुत्र्यांना लस दिलेली नसते, हा धोका निराळाच.

गोव्याचे उदाहरण

गोवा राज्यात २०१३ नंतर मिशन रेबीज ही संस्था व राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांना सामुदायिक लसीकरण केले. पथके जाळी घेऊन वाड्यावाड्यांत गेली, लस दिलेल्या कुत्र्यांवर रंगाची खूण करण्यात आली, नोंदी ठेवण्यात आल्या आणि शाळांतून मुलांना शिक्षण देण्यात आले. २०१७ नंतर सलग काही वर्षे तेथे पिसाळ रोगाने, म्हणजे रेबीजने, एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित झाले. परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाल्यास रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. एका कुत्र्याचा बचाव हे याच मोठ्या कार्याचे अंग मानावयास हवे.

कायद्याची चौकट

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्यास विष घालणे वा निर्दयपणे मारणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात दत्तकाचा मार्ग मोकळा ठेवला व दत्तक दिलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणांहून कुत्री हलवून आश्रयस्थानी ठेवण्यास सांगितले. ग्रामपंचायतीने या विषयावरील ताजी परिपत्रके पाहूनच पाऊल उचलावे.

बचावाची रीत

जखमी कुत्रे वेदनेने चावते, म्हणून त्यास उघड्या हाताने उचलू नये. जाड पोते वा घोंगडी टाकून हळूच धरावे. विनाकारण चावत सुटणारे, लाळ गाळणारे, आवाज बदललेले किंवा जबडा लोंबणारे कुत्रे पकडण्याचा प्रयत्न गावकऱ्यांनी करू नये. मुलांना दूर न्यावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जे नेहमी हे काम करतात त्यांनी रेबीजची लस आधीच टोचून घेणे आवश्यक आहे. कोळारच्या ग्रामस्थांना या बाबतीत एक सोय आहे. कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बीदर येथील नंदीनगरात असून तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

पिल्ले आईजवळ सुरक्षित असतील, तर त्यांना उचलून नेणे हा बचाव नव्हे. आई खरोखर नाही याची खात्री काही तास दुरून पाहून करावी.

पालक घर म्हणजे काय?

पालक घर म्हणजे कायमचा मालक मिळेपर्यंत कुत्रे सांभाळणारे घर. त्याची खरी गरज पिल्लाच्या वयावरून ध्यानी येते. पिल्लास रेबीजची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयाला दिली जाते. त्याआधी ते हातोहाती फिरते, मुलांच्या मांडीवर खेळते आणि त्याच काळात ते असुरक्षित असते. लहान पिल्लाचा चावा म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते. म्हणून हा मधला काळ एका जबाबदार घरी, नोंदीखाली जावा, हे इष्ट होय.

अशा घराने पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. नव्या पिल्लास पहिले दोन आठवडे घरच्या कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे.
२. गोणपाट अंथरलेली कोरडी, उबदार जागा व स्वच्छ पाणी द्यावे. डोळे न उघडलेल्या पिल्लास काय व किती पाजावे, हे पशुवैद्यास विचारावे.
३. जंतनाशक औषध, गोचिडांचा बंदोबस्त व लसी यांच्या तारखा एका वहीत लिहाव्यात.
४. आठ आठवड्यांपूर्वी पिल्लास आईपासून तोडू नये.
५. दत्तक देताना घेणाऱ्याचे घर पाहावे, दरवर्षीची लस व योग्य वयात निर्बीजीकरण यांचे लेखी वचन घ्यावे आणि महिन्याभराने पुन्हा चौकशी करावी.

जातिवंत कुत्र्याचा आग्रह धरणाऱ्यांस हेही सांगावे की गावठी कुत्रे येथील उन्हाला व अन्नाला सरावलेले असते आणि शेताच्या राखणीस कमी पडत नाही.

चावा झाल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट वा तेल लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे व लसीची सर्व टोचणी ठरलेल्या तारखांना पूर्ण करावी. रक्त आले असल्यास जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. चावणारे कुत्रे माहीत असल्यास १० दिवस त्यावर नजर ठेवावी, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

शाळा व पंचायत

शिक्षकांनी झोपलेल्या, खाणाऱ्या व पिल्लांजवळच्या कुत्रीस न छेडण्याचा पाठ मुलांना द्यावा आणि ओरखडा उठला तरी घरी सांगण्याची सवय लावावी. मार खाण्याच्या भीतीने मूल चावा लपविते, ही गोष्ट पालकांनीही लक्षात घ्यावी. पंचायतीने उकिरडे आवरावेत, पालक घरांची यादी ठेवावी आणि २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी पशुवैद्यांच्या साहाय्याने लसीकरण शिबिर भरवावे. पाळीव कुत्र्यांबरोबर गल्लीतील कुत्र्यांनाही त्यात आणावे.

कोळारमध्ये चार घरांनी जरी ही जबाबदारी स्वीकारली, तरी पावसाळ्यात ओसरीखाली जन्मणारी काही पिल्ले रस्त्यावर न येता घरी जातील. ज्या मुलाने त्यांना भाकरी घातली, त्याचाही जीव त्याच लसीने सुरक्षित राहील.