बाराशेचे इअरबड्स बाराशेत पडत नाहीत

इअरबड्सच्या खोक्यावर छापलेल्या एमआरपीकडे बघूच नका. ४,९९९ ची एमआरपी आणि १,२९९ ला विक्री हा प्रकार आता दसरा-दिवाळीपुरता राहिलेला नाही, वर्षाचे बाराही महिने चालू असतो. म्हणजे १,२९९ ही सूट नव्हे, तीच किंमत. आज साधारण ८०० ते २,००० रुपयांत बोट, नॉइज, बोल्ट या देशी नावांचे जोड मिळतात. दोन ते पाच हजारांत वनप्लस, रिअलमी, जेबीएल येतात आणि ॲपलच्या एअरपॉड्स प्रोपर्यंत जायचं तर पंचवीस हजारांच्या आसपास तयारी ठेवावी लागते. सकाळी तळजाईच्या टेकडीवर चालायला किंवा संध्याकाळी जिममध्ये जाणाऱ्या माणसाने यातलं काय घ्यावं? माझं मत आधीच सांगतो: दीड ते तीन हजारांच्या वर जायची बहुतेकांना गरज नाही. मात्र घेताना हिशेब वर्षाचा करा, खोक्याचा नाही.

वर्षाचा का, तर ही वस्तू नाशवंत आहे. एका बडमध्ये ४० ते ६० एमएएचची बॅटरी असते, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी. रोज चार्ज होऊन ती दमते आणि पहिल्या वर्षी पाच तास चालणारा बड तिसऱ्या वर्षी दीड तासात मान टाकतो. बॅटरी बदलायची म्हटलं तर आत सगळं डिंकाने बंद केलेलं. दुरुस्तीच्या सोयीनुसार वस्तूंना गुण देणाऱ्या 'आयफिक्सइट'ने एअरपॉड्सना दहापैकी शून्य दिले होते, आणि स्वस्त जोडही त्याच घराण्यातले. दीड हजारांचा जोड दोन वर्षं टिकला तर वर्षाला ७५० रुपये पडले. पंचवीस हजारांचा तीन वर्षं टिकला तरी वर्षाला आठ हजारांच्या वर. आवाजात फरक आहे, नाही कोण म्हणतो? पण धापा टाकत चढ चढताना त्या फरकाकडे कुणाचं लक्ष असतं!

पैसे खरे कुठे जातात, तर फिटिंगमध्ये. खोक्यात लहान, मधल्या आणि मोठ्या अशा रबरी टिप्स येतात आणि आपण बड्सना आधीच लावलेली मधली साईज तशीच वापरतो. लहान-मोठ्या टिप्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, ड्रॉवरमध्ये. डावा आणि उजवा कान एकसारखा नसतो, त्यामुळे एकीकडे मधली आणि दुसरीकडे मोठी लागणं यात काही वावगं नाही. बड लावून जबडा हलवा, काहीतरी चावा, जागच्या जागी दहा उड्या मारा. सैल झाला तर साईज बदला. टिप नीट बसली नाही की बास गायब होतो आणि गिऱ्हाईक 'आवाजच फालतू आहे' म्हणून महागडा जोड आणायला निघतं. वेगळ्या सिलिकॉन टिप्स शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, फोमच्या थोड्या महाग पडतात. घाम फार येत असेल तर फोम टाळा. तो पाणी धरतो आणि लवकर कुजट होतो. धावणाऱ्यांनी कानामागे हुक अडकणारे बघावेत. एक बड गटारात गेला की उरलेल्या एकाचं करायचं काय, हा प्रश्न मग येत नाही. काही कंपन्या एकटा बड विकतात, काही नाही. घेण्याआधीच विचारून ठेवा.

आता घाम. पाणी किती सोसेल याचं मानांकन खोक्यावर असतं: आयपीएक्स ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार चालेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास चालेल. पण या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात, घामात मीठ असतं. आणि हे मानांकन बऱ्याचदा फक्त बड्सना असतं, चार्जिंग केसला नसतं. बहुतेक जोड इथेच मरतात: व्यायाम झाला, ओले बड तसेच केसमध्ये टाकले, झाकण बंद. आतल्या दोन बारीक पिनांवर हिरवट थर चढतो आणि काही महिन्यांनी 'डावा चार्जच होत नाही' अशी तक्रार सुरू होते. बड टॉवेलला पुसा, दहा मिनिटं उघड्यावर ठेवा, मगच केसमध्ये. पावसाळ्यात तर हे कटाक्षाने पाळा. पिना आठवड्यातून एकदा कोरड्या कापसाच्या काडीने पुसल्या तरी पुरे. एका कानात आवाज कमी येत असेल तर आधी जाळी बघा. कानातला मळ तिच्यावर बसतो. टिप काढा, जाळी खाली धरा आणि मऊ कोरड्या टूथब्रशने हलकेच घासा. सुई किंवा टाचणी घालू नका, जाळी फाटते.

खोक्यावरचा '४० तास' हा आकडा केससकट असतो आणि तोही आवाज अर्ध्यावर ठेवून मोजलेला. तुमच्या कामाचा आकडा एका चार्जचा: पाच-सहा तास असले तरी व्यायामाला भरपूर. गेमिंग मोडसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. नॉइज कॅन्सलेशन लोकलच्या डब्यात किंवा विमानात उपयोगाचं आहे. रस्त्यावर चालताना मागून येणारी दुचाकी ऐकू येऊ नये म्हणून जादा पैसे मोजणं मला शहाणपणाचं वाटत नाही. बाहेर चालायचं तर एकच बड लावा. दुसरा केसमध्ये चार्ज होत राहतो आणि बॅटरीही दुप्पट पुरते. स्टोरीटेलवर मराठी पुस्तक किंवा बातम्या ऐकायच्या तर दोन्ही कानांची गरजही नसते. आणि फक्त एवढंच ऐकणाऱ्याला हजाराचा जोड पुरतो.

कानाचा खर्च मात्र कुठल्याच खोक्यावर छापत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित, ९० डेसिबल झाले की फक्त चार. जिमच्या स्पीकरवर मात करायला आवाज वाढवणाऱ्यांचे चार तास बुधवारीच संपतात. अनेक फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालता येते, ती घाला. जिममधल्या गोंगाटासाठी नीट बसणारी टिप हाच स्वस्त इलाज.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीत करा की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या. जीएसटी क्रमांक नसलेल्या चिठ्ठीवर वॉरंटी मागायला गेलात तर हात हलवत परत याल. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव येतं. दोनशे रुपयांत मिळणाऱ्या 'एअरपॉड्स'वर हा क्रमांक टाकून बघाच, गंमत कळेल. वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते, पण 'पाण्याने झालेलं नुकसान' तीत बसत नाही, आणि घामाला पाणी म्हणायचं की नाही हे सर्व्हिस सेंटरचा माणूस ठरवतो. म्हणून जाहिरातीत 'स्वेटप्रूफ' लिहिलं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी काढून ठेवा. कानात घालायची वस्तू म्हणून बऱ्याच संकेतस्थळांवर पैसे परत मिळत नाहीत, सात दिवसांत बदलून मिळते. तेव्हा उड्या मारून बघायचं ते पहिल्याच दिवशी.

ऑनलाइन खरेदीत वाद झालाच तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. तिथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते आणि वकील सक्तीचा नाही. बाराशे रुपयांसाठी तिथपर्यंत कोण जातं, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे. पण बिल, स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक एकाच ईमेलमध्ये जोडून 'पुढे आयोगाकडे जाणार आहे' एवढं लिहून तर बघा.