पडद्यावर चौकोन आले म्हणजे

बाळ,

परवा फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. घरच्या कॉम्प्युटरवर जिकडे बघावं तिकडे चौकोन, आजीच्या नावचा माहिती अधिकाराचा अर्ज अर्धवट, आणि तू विचारत होतीस की सगळं पुसून पहिल्यापासून टाइप करू का. मी फक्त "हात लावू नकोस" म्हणालो, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दुसराच दिवस होता आणि तुझी आत्या फोन हिसकावून घेत होती. डोळ्यावरची पट्टी अजून आहे, पण तोंड मोकळं आहे. मी सांगतोय, तुझा आतेभाऊ लिहून घेतोय. शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या.

आधी हे कानात ठेव: चौकोन दिसले म्हणून मजकूर गेला असं होत नाही. कॉम्प्युटर 'क' साठवत नाही, 'क'चा नंबर साठवतो. युनिकोडमध्ये तो ०९१५. त्या नंबराचं चित्र पडद्यावर काढायचं काम फॉन्टचं. फॉन्टची फाइल खराब झाली की चित्र निघत नाही, रिकामी चौकट उमटते. नंबर मात्र जिथल्या तिथे असतो. अर्जाची फाइल स्वतःच्या मोबाइलवर पाठवून उघडून बघ. मोबाइलचे फॉन्ट त्याचे त्याच्याकडे असतात. तिथे नीट वाचता आलं तर आजीचा अर्ज धडधाकट आहे आणि दुखणं कॉम्प्युटरच्या फॉन्टचं आहे.

मोबाइलवरही डॉलरच्या खुणा, कंस आणि इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, तर प्रकरण वेगळं, ते मला जुन्या दिवसांपासून ठाऊक आहे. २००३ मध्ये अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले, राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा मार्गी लागला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचाही लागू झाला. त्या काळात राळेगणसिद्धीला पाणलोटाची कामं बघायला, अण्णांना भेटायला बाहेरून माणसं यायची. त्यांच्या खिशात पेनड्राइव्ह, त्यात कुठल्या तरी दूरच्या तालुक्यात टाइप केलेला अर्ज. माझ्या टायपिंगच्या दुकानात तो उघडला की पडद्यावर हीच भेळ. एक म्हातारबा तर म्हणाले, "तुमच्या मशिनीनं माझा अर्ज खाल्ला." खाल्ला नव्हता. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी आकार बसवायचे. तो फॉन्ट मशिनीत नसला की खुर्चीचा मूळ मालक दिसतो. तिथे दुरुस्ती नसते. तोच फॉन्ट टाकायचा, नाहीतर कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. म्हातारबांचा अर्ज मी शेवटी हातानं पुन्हा टाइप केला, कारण त्यांची एसटी सुटत होती.

आता तुझं दुखणं. मी एकदा अपडेट चालू असताना कंटाळून बटण बंद केलं होतं. गाढवपणा माझाच. सकाळी मशीन सुरू झाली, पण मेनू, बटणं, सगळं चौकोनात. कुठे काय लिहिलंय तेच कळेना, मग दुरुस्त कुठून करायचं? पण टायपिंगच्या क्लासात मान वर ठेवून टाइप करायला शिकलेला माणूस मी. पडद्यावरची अक्षरं गेली तरी कीबोर्डवरची कळ हलत नाही. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबायची. छोटी खिडकी उघडते. त्यात सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करायची आणि कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकदम. मग मशीन परवानगी विचारते. तेही वाचता येणार नाही, तेव्हा ऑल्ट आणि वाय. काळी खिडकी आली की जिंकलीस.

पण तिथे लगेच जाऊ नकोस. पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करतात हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इथे उलटं: पायथ्याकडून वर, हलकं औषध आधी. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून ठेव, मग मशीन नीट बंद करून सुरू कर. हसू नकोस, कितीदा तरी एवढ्यावर भागतं. नंतर बघ, चौकोन सगळीकडे आहेत की एकाच प्रोग्राममध्ये. एकाच ठिकाणी असतील तर विंडोजच्या वाटेला जायचं कारण नाही.

सगळीकडे असतील तर आधी कॅशेवर संशय घे. मशीन प्रत्येक वेळी फॉन्टची फाइल धुंडाळत बसत नाही. लागणारी माहिती एका चोपडीत उतरवून ठेवते. ती चोपडी बिघडली की चांगला फॉन्टही वेडावाकडा दिसतो. सर्व्हिसेसच्या यादीत 'विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस' आहे, ती थांबव. विंडोजच्या फोल्डरात सर्व्हिस प्रोफाइल्स, लोकल सर्व्हिस, अ‍ॅपडेटा, लोकल असं आत आत गेलं की फॉन्टकॅशे नावाचं फोल्डर लागतं. त्यातल्या फाइली पुसून मशीन पुन्हा सुरू कर. चोपडी ती नवी लिहून घेते. पुसायचं ते एवढंच! विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरात झाडू मारलास तर मला फोन करू नकोस.

तरीही चौकोन राहिले, तर फाइलच खराब. मग काळी खिडकी. आधी डिझमची कमांड, तिला इंटरनेट लागतं, कारण चांगला माल ती बाहेरून मागवते. ती संपली की एसएफसी स्कॅननाऊ. ही विंडोजच्या स्वतःच्या फाइली एकेक तपासते आणि खराब असेल ती बदलते. टक्क्यांचा आकडा मधेच अडकल्यासारखा वाटतो. अडकलेला नसतो. चहा टाक, शेळीला चारा घाल, पण बटणाला हात लावू नकोस. त्या दिवशी माझी मशीन एसएफसीनंच उठली.

कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट पूर्ववत करायचं एक बटण दिसेल. ते लपलेले फॉन्ट परत दाखवतं, फाटलेला शिवत नाही.

तुझ्या मामाच्या जुन्या फाइली 'मंगल'मध्ये आहेत, त्यांचं रूप बदललेलं दिसलं तर तो बिघाड समजू नकोस. मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला, विंडोजचा कित्येक वर्षांचा मराठी चेहरा. विंडोज ८ पासून ते काम निर्मला यूआयकडे गेलं, आणि विंडोज १० मध्ये मंगल वेगळा मागवावा लागतो: सेटिंगमध्ये ऑप्शनल फीचर्स, त्यात देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स. मला मंगल अजून बरा वाटतो, पण ते वयाचं असेल.

हजार फॉन्ट फुकट देणाऱ्या साइटवरून काही उतरवू नकोस. वेगळं अक्षर हवंच असेल तर राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, एक टाइपचा मुक्त आहे. आणि अर्ज कुणाला पाठवायचा तर पीडीएफ करून पाठव, फॉन्ट त्याच्या पोटात बसून जातो. म्हातारबांचा अर्ज टाइप करणाऱ्याला हे सुचलं असतं तर मला तो पुन्हा टाइप करावा लागला नसता.

दोन्ही कमांडी माझ्या हिरव्या वहीच्या शेवटच्या पानावर, मोठ्या अक्षरात, शाईनं लिहिलेल्या आहेत. वही कपाटात नाही, यूपीएसच्या खाली आहे. त्याचा एक पाय मोडलाय.