सुटकेनंतरची तपासणी

प्रश्न : म्हैसूरच्या मध्यवर्ती कारागृहातून नुकताच सुटलो. पत्नीसहवासापूर्वी गुप्तरोगांची तपासणी करावी काय? कैदेची हकीकत सांगावी लागेल काय?

उत्तर : तपासणी अवश्य करावी. कृष्णराजेंद्र रुग्णालयासारख्या सरकारी इस्पितळात एचआयव्हीची चाचणी विनामूल्य होते. तिच्यासाठी कैदेचा दाखला लागत नाही, आणि रोग्याच्या संमतीवाचून चाचणी करण्यास अथवा निष्कर्ष उघड करण्यास एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्याने सामान्यतः मनाई केली आहे. संसर्गानंतर आरंभीचे काही आठवडे रक्तात त्याची खूण उमटत नसल्यामुळे, पहिला निष्कर्ष अनुकूल आला तरी, शेवटच्या जोखमीच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे व तोवर निरोध वापरावा. तपासणीत उपदंश आढळल्यास तो पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्हीवरील औषधे सरकारातून मोफत मिळतात. अधिक चौकशीसाठी १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.